पिनकोड उलटा करा, मिळवा आणि अवयव पाडा

कर्जतचा पिनकोड ४१०२०१. तो उलट्या बाजूने लिहिला की १०२०१४. दोन्हींची बेरीज ५१२२१५. ही बेरीज डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, आकडा तोच राहतो. अशा संख्येला पॅलिंड्रोम संख्या म्हणतात. या लेखात तिला उलटसुलट संख्या म्हणू. खालापूरच्या ४१०२०२ वर हेच केलं तर ६१२२१६ मिळतात, खोपोलीच्या ४१०२०३ वर केलं तर ७१२२१७. नेरळच्या ४१०१०१ चे ५११११५ होतात आणि माथेरानच्या ४१०१०२ चे ६११११६.

या संख्यांचे मूळ अवयव पाडायला सांगितलं, की बहुतेक जण २ ने, ३ ने, ५ ने, ७ ने असा भागाकाराचा सपाटा लावतात. सहा अंकी संख्येला ते जिकिरीचं होतं. खरं तर उलटसुलट संख्येचा उजवा अर्धा भाग ही डाव्या अर्ध्याची नक्कल असते. त्यामुळे पहिले तीन अंक नीट पाहिले, की २ पासून १३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा निकाल जवळजवळ पाहता पाहता लागतो. आधी पाहायचं आणि मग भागायचं, हेच या कृतीचं सार. सहावी-सातवीच्या मुलांना ती जमते. मोठ्यांना थोडी उजळणी लागेल.

साहित्य

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्यांची यादी. यादी पाठ नसेल तर चाळणीने काढा: १ ते १०० लिहा, १ खोडा, मग २, ३, ५ आणि ७ या चार संख्या ठेवून त्यांच्या बाकीच्या पटी खोडा. जे उरेल ती यादी. कॅल्क्युलेटर शेवटी ताळा पाहायला वापरला तर चालेल, आधी नको.

कृती

१. संख्या तयार करा.
पिनकोड लिहा, त्याच्या खाली तोच उलटा लिहा आणि मिळवा. बेरीज करण्याआधी जोड्या तपासा: पहिला अंक आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा. एकाही जोडीची बेरीज ९ च्या वर जात नसेल तर हातचा येणार नाही, आणि हातचा आला नाही तर उत्तर उलटसुलटच येणार. कर्जतच्या जोड्या ४+१, १+०, ०+२. म्हणजे ५, १, २. हेच अंक पुढे उलट्या क्रमाने येतात: ५१२२१५.

आपल्या भागातले पिनकोड एका बेरजेत जमतात, त्यालाही कारण आहे. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जातात. त्यांच्या रचनेत पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन त्यातलं टपाल कार्यालय. कर्जत, खालापूर आणि खोपोली या तिन्ही ठिकाणी पहिले तीन अंक ४१० आहेत. ते उलटे होऊन शेवटच्या तीन अंकांना मिळतात, म्हणून सहावा अंक ५ किंवा त्याहून लहान आणि पाचवा ८ किंवा त्याहून लहान असला की काम झालं. २०१, २०२, २०३ या अटीत आरामात बसतात.

२. अंक मोजा. सम भरले तर ११ लिहून टाका.
शाळेतली ११ ची कसोटी आठवा: एक सोडून एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या; त्यांतला फरक ० किंवा ११ च्या पटीत आला की भाग जातो. सहा अंकी उलटसुलट संख्येत पहिल्या अंकाचा जोडीदार सहाव्या जागी असतो, दुसऱ्याचा पाचव्या, तिसऱ्याचा चौथ्या. म्हणजे जोडीतला एक विषम जागी आणि दुसरा सम जागी. दोन्ही बेरजांत तेच तीन अंक पडतात आणि फरक नेहमी ० येतो. ५१२२१५ मध्ये ५+२+१ = ८ आणि १+२+५ = ८.

दोन, चार, सहा, आठ अंकी कोणत्याही उलटसुलट संख्येला हेच लागू. म्हणून सम अंकांची उलटसुलट मूळ संख्या एकच आहे, ती म्हणजे खुद्द ११. तेव्हा पहिला भागाकार ११ चा करा:

५१ मध्ये ११ चार वेळा, उरले ७. वरून २ उतरवला, ७२ मध्ये सहा वेळा, उरले ६. पुन्हा २, ६२ मध्ये पाच वेळा, उरले ७. मग १, ७१ मध्ये सहा वेळा, उरले ५. शेवटी ५, ५५ मध्ये पाच वेळा, बाकी ०. भागाकार ४६५६५.

याला पुन्हा ११ ने भाग जातो का, तेही लगेच पाहून घ्या: ४+५+५ = १४, ६+६ = १२, फरक २. जात नाही.

३. २ आणि ५ साठी पहिला अंक पाहा.
एरवी यासाठी एककाचा अंक पाहतात. इथे एकक आणि पहिला अंक एकच असल्यामुळे संख्या वाचायला सुरुवात केली की उत्तर हाती येतं. ५ ने सुरू होते? ५ ने भाग जाणार. २, ४, ६ किंवा ८ ने? २ ने जाणार. १, ३, ७, ९ ने सुरू होणाऱ्या संख्येत २ ही नाही आणि ५ ही नाही. कर्जतच्या संख्येत ५ आहे: ४६५६५ ÷ ५ = ९३१३.

संख्या सम असेल तर २ किती वेळा जातो हे पाहायला पहिले तीन अंक उलटे लिहा. खालापूरच्या ६१२२१६ चे पहिले तीन ६१२, उलटे २१६. त्याला ८ ने भाग जातो (२७ वेळा), म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. ६१२ सम आणि २७ विषम आहे, तेव्हा १६ ने मात्र जात नाही.

४. ३ आणि ९ साठी अर्ध्या अंकांची बेरीज करा.
पूर्ण संख्येच्या अंकांची बेरीज पहिल्या अर्ध्याच्या दुप्पट असते. दुपटीने ३ किंवा ९ च्या कसोटीत काही बदलत नाही, म्हणून अर्धी बेरीज पुरे. कर्जत: ५+१+२ = ८, ३ नाही. खालापूर: ६+१+२ = ९, म्हणजे ३ आणि ९ दोन्ही. खोपोली: ७+१+२ = १०, नाही. हा आडमार्ग सम अंकी संख्येपुरताच. विषम अंकी संख्येत मधला अंक एकटा असतो, तिथे सगळे अंक मिळवावे लागतात.

५. ७ आणि १३ साठी पहिला आणि तिसरा अंक ताडून पाहा.
ही पायरी फक्त सहा अंकी उलटसुलट संख्येसाठी आहे. पहिला आणि तिसरा अंक सारखे असतील तर ७ आणि १३ दोन्हींनी भाग जातो. त्यांच्यात नेमका ७ चा फरक असेल तर फक्त ७ ने. यांपैकी काहीच नसेल तर दोन्ही सोडून द्या. दुसरा अंक काय आहे, याचा इथे काही संबंध नाही.

कारण समजलं की हा नियम पाठ करावा लागत नाही. १००१ = ७ × ११ × १३. २५२ ला १००१ ने गुणलं की २५२२५२ येतात. म्हणजे पहिला आणि तिसरा अंक सारखे असले की संख्येत १००१ आयता मिळतो. आता तिसरा अंक बदला, की त्याचा जोडीदार चौथाही बदलतो. एकाने वाढवला तर संख्या १००० + १०० = ११०० ने वाढते. ११०० मध्ये ७ नाही आणि १३ नाही. म्हणून अंकांचा फरक स्वतः ७ किंवा १३ च्या पटीत असला तरच भाग टिकतो. एक-अंकी फरक १३ होऊ शकत नाही, ७ होऊ शकतो. १२८८२१ घ्या: १ आणि ८, फरक ७. अवयव ७ × ७ × ११ × २३९.

कर्जतला ५ आणि २ चा फरक ३, खालापूरला ४, खोपोलीला ५, नेरळला ४, माथेरानला ५. आपल्या पाचही संख्यांत ७ नाही की १३ नाही. पाच संख्यांचे दहा भागाकार वाचले.

६. उरलेल्याला १७ पासून पुढच्या मूळ संख्यांनी भागून पाहा.
आता खरी मेहनत. कुठे थांबायचं हे आधी ठरवा: उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत. कर्जतचे उरले ९३१३. ९६ चा वर्ग ९२१६ आणि ९७ चा ९४०९, तेव्हा ९६ च्या पुढे जायचं कारण नाही. १७ ने भागलं तर बाकी १४, १९ ने ३, २३ ने २१, २९ ने ४, ३१ ने १३. बाकी ओळीने मांडत चला, म्हणजे कुठली संख्या राहून जात नाही. ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१ यांनीही भाग जात नाही. ६७ ने जातो: ९३१३ = ६७ × १३९. १३९ चं वर्गमूळ १२ च्या आत आणि ११ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधीच बाद झालेल्या, म्हणून १३९ मूळ. इथे थांबा.

७. ताळा पाहा.
५१२२१५ = ५ × ११ × ६७ × १३९. आधी नवाचा ताळा: प्रत्येक अवयवाचे अंक मिळवून एक अंक करा. ५ चा ५, ११ चा २, ६७ चा १३ म्हणजे ४, १३९ चा १३ म्हणजे ४. गुणाकार १६०, त्याचा ७. इकडे ५१२२१५ च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. जुळलं. नवाचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, म्हणून शेवटी गुणाकारही करा: ६७ × १३९ = ९३१३, त्याला ५५ ने गुणून ५१२२१५.

पाच गावांचे निकाल

कर्जत, ५१२२१५: ५ × ११ × ६७ × १३९
खालापूर, ६१२२१६: २ × २ × २ × ३ × ३ × ११ × ७७३
खोपोली, ७१२२१७: ११ × ६४७४७
नेरळ, ५११११५: ५ × ११ × ९२९३
माथेरान, ६११११६: २ × २ × ११ × १७ × १९ × ४३

पिनकोड एकेकाने पुढे सरकतात, अवयव मात्र एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. माथेरानचा सगळ्यांत सोपा: ११ आणि ४ ने भागून १३८८९ उरतात, १७ चा पहिलाच घाव लागतो, ८१७ उरतात आणि तेही लगेच १९ × ४३ असे सुटतात. खालापूर तर सहाव्या पायरीपर्यंत जवळजवळ जातच नाही; ७७३ ला १७, १९ आणि २३ ने तपासलं की संपलं. कर्जतहून सुटलेली लोकल पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला पोचेपर्यंत हे दोन्ही सहज होतात. खोपोलीचा मात्र गाडीत घेऊ नका. ६४७४७ चं वर्गमूळ २५४ च्या थोडं पुढे, म्हणजे १७ ते २५१ मधल्या ४८ मूळ संख्यांनी भागून पाहायचं आणि प्रत्येक वेळी बाकी उरते. ही संख्या मूळ आहे. वर्गात करून घ्यायचं असेल तर त्या ४८ संख्या मुलांत वाटून द्या. प्रत्येकाने आपली बाकी फळ्यावर मांडायची. तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं, आणि एखाद्या संख्येला मूळ ठरवायला किती जणांचा नकार लागतो हेही दिसतं.

हातचा आला तर

पनवेलचा ४१०२०६ घ्या. ४ आणि ६ मिळून १०, म्हणजे अट मोडली. बेरीज १०१२२२०, ही उलटसुलट नाही. अशा वेळी आलेल्या बेरजेवर पुन्हा तेच करा. उलटी ०२२२१०१, पुढचं शून्य तसंच राहू द्या. बेरीज:

१०१२२२० + ०२२२१०१ = १२३४३२१

एक ते चार चढून पुन्हा एकपर्यंत उतरणारी ही संख्या म्हणजे ११११ चा वर्ग. सात अंकी असल्यामुळे दुसरी पायरी इथे आयती लागू होत नाही, कसोटी करावी लागते: १+३+३+१ = ८, २+४+२ = ८. जुळते. ११११ = ११ × १०१, म्हणून पनवेलचे अवयव ११ × ११ × १०१ × १०१.

या जातीच्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर पुढे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर माहीत झाले. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचं डोंबिवली स्टेशन. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. कर्जत आणि खोपोलीच्या लोकल आजही त्याच स्टेशनातून जातात. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा या संख्या ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. त्यांचे अवयव पाडायचे तर मोठ्या संख्येला हातच लावू नका. नुसत्या एकांच्या संख्येचे पाडा आणि प्रत्येक अवयव दोनदा लिहा. १११ = ३ × ३७, तेव्हा १२३२१ = ३ × ३ × ३७ × ३७. १११११ = ४१ × २७१, तेव्हा १२३४५४३२१ मध्ये ४१ दोनदा आणि २७१ दोनदा. १११११११ = २३९ × ४६४९.

यातली सहा एकांची संख्या फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या, नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात १२३४५६५४३२१ येते, आणि तीही गुणाकारातून: २७९९४६८१ × ४४१. वरच्या रीतीने १११११ वर आणखी एक १ ठेवून ११११११ घेतली, की हा गुणाकार उलगडतो. तिचे अवयव ३ × ७ × ११ × १३ × ३७. ३ × ७ = २१ चा वर्ग ४४१, आणि ११ × १३ × ३७ = ५२९१ चा वर्ग २७९९४६८१.

पुन्हा पुन्हा बेरीज करण्याला मर्यादा घाला. ८९ पासून सुरुवात केली तर २४ बेरजांनंतर ८८१३२०००२३१८८ येते. १९६ वर तर संगणकाने कोट्यवधी बेरजा करूनही उलटसुलट संख्या मिळालेली नाही. ती कधीच मिळणार नाही, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. वहीवर पाच बेरजांत जमलं नाही तर दुसरा पिनकोड घ्या.

वाटेतली छोटी आवृत्ती: गाडीचा नंबर

कर्जतच्या चारफाट्यावर किंवा खोपोलीच्या शिळफाट्यावर उभं राहून करायची असेल तर चार अंकी नंबर घ्या. चार अंकी उलटसुलट संख्या ९० आहेत: पहिल्या अंकाला नऊ पर्याय, दुसऱ्याला दहा. सगळ्यांना ११ ने भाग जातो. ७, १३ आणि पुन्हा ११ जातो का, हे दुसऱ्या अंकावरून कळतं:

दुसरा अंक ० असेल तर ७ आणि १३ दोन्ही आहेत; ५००५ = ५ × ७ × ११ × १३.
दुसरा अंक ७ असेल तर ७ आहे, १३ नाही; १७७१ = ७ × ११ × २३.
दुसरा अंक पहिल्याच्या तिप्पट असेल, किंवा तिपटीतून ११ अथवा २२ वजा करून येत असेल, तर ११ दोनदा जातो.

शेवटच्या नियमात बसणारे नंबर आठच: १३३१, २६६२, ३९९३, ४११४, ५४४५, ६७७६, ८२२८ आणि ९५५९. सातने सुरू होणारा नाही, कारण सात त्रिक एकवीस, त्यातून ११ गेले १०, आणि १० हा एक अंक नव्हे. पहिल्या तिघांत तर ११ तीनदा जातो: १३३१ म्हणजे ११ चा घन, पुढचे दोन त्याची दुप्पट आणि तिप्पट.

सराव

अ) लोणावळ्याचा ४१०४०१ घेऊन सातही पायऱ्या करा.
आ) २७७२ आणि ६७७६ चे अवयव भागाकार न मांडता सांगा.
इ) १२३४५६७८७६५४३२१ चे अवयव पाडा. सूचना: ११११११११ = ११११ × १०००१, आणि १०००१ = ७३ × १३७.

उत्तरं: अ) ५१४४१५ = ५ × ११ × ४७ × १९९. आ) २७७२ = २ × २ × ३ × ३ × ७ × ११; ६७७६ = २ × २ × २ × ७ × ११ × ११. इ) ११, ७३, १०१ आणि १३७, प्रत्येक दोनदा.

(अ) मध्ये ४७ च्या आधीच भाग गेला असं वाटलं, तर ११ चा भागाकार पुन्हा तपासा. तिथला एक अंक चुकला की पुढच्या सगळ्या बाक्या फसव्या येतात.